दोन्ही टोकांना पिना

तिसगाव
२ ऑक्टोबर

दीनाताई,

सलाम. सूर्यभान टेम्पोतून खारीचे ट्रे उतरवून चहा पिईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते. त्याचं म्हणणं आहे की आपल्या दोघींच्या चिठ्ठ्यांमुळे त्याच्या खारीला शाईचा वास येतो. मी म्हटलं, बरंय, तुपाचा तरी कुठे येतो.

वादळाचं ऐकलंस ना? अरबी समुद्रातून येतंय म्हणे. समुद्र कुठे नि आपण कुठे, पण मागच्या वेळीही आपण असंच म्हणालो होतो. सहा-सात तारखेला आपल्या जिल्ह्यात ताशी पन्नास-साठचे वारे, मोठा पाऊस, झाडं नि खांब पडतील असा इशारा आहे. फलकला वीज कंपनीचा आदेश आलाय. आठ दिवस बेलापूरला ड्यूटी. नोकरी लागून दीड वर्ष झालं, आता खांबावर सरसर चढते. मी बघायला जात नाही.

तिला तुझ्याकडे ठेवून घे. गावाबाहेर कंपनीचं क्वार्टर मिळेपर्यंत अकरा वर्षं आपण एका भिंतीच्या शेजारणी होतो. तुझ्या घराशिवाय त्या गावात मला दुसरं घर आठवत नाही. तिला सकाळी काही तरी पोटात घालून पाठव, ती तशीच निघते.

आणि एक काम. तो कानिफनाथ पुन्हा त्याच सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून बसतोय. ज्याने फलकचे अब्बा खांबावर असताना सप्लाय सोडला, त्याच्याच हाताखाली माझी मुलगी तारेला हात लावणार. साहेबांना अर्ज लिहिलाय, वादळ असेपर्यंत तरी त्याला पॅनलवर बसवू नका म्हणून. अर्ज सोबत आहे. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. तेव्हाही चौकशीत तूच एकटी बोललीस की तीनला वीस कमी असताना तुमच्या घरात बल्ब लागला. बाकी सगळे घाबरले होते. ते मी विसरलेले नाही.

फोनवर बोललो असतो तर लवकर झालं असतं, हे मला कळतं. पण त्या दिवशी ती बातमी फोनवर आली. तेव्हापासून फोन कानाला लावला की मी लगेच ठेवून देते. तू कागदावर निभावून घेतेस.

तुझी
सुमैरा


बेलापूर
३ ऑक्टोबर

प्रिय सुमैरा,

सलाम. फलकला पाठव, हे काय विचारायचं? पुढची खोली झाडून ठेवली आहे. तिला कांद्याची भाकरी आवडायची, अजून आवडते का? पहाटे निघाली तर बांधून देईन.

इकडेही सगळीकडे वादळाचीच भाषा आहे. गिरणीवर इतकी रांग होती की माझा डबा दुपारी परत आला. दोन-तीन दिवस वीज नसेल असं धरून लोक पाण्याच्या टाक्या भरतायत. पत्र्यांवर जुने टायर नि दगड ठेवलेत. रस्त्यावर येणाऱ्या फांद्या आज तोडल्या. आमचे बेंजामिन सकाळपासून शिडीवर आहेत, कौलं बघतायत. हवा मात्र हलत नाही. कडुलिंबाचं पानसुद्धा नाही. अशी हवा मी एकदाच पाहिली आहे.

मागच्या वर्षी तू दोन दिवसांसाठी आली होतीस तेव्हा विचारलं होतंस, पुढच्या खोलीत नुसता होल्डर का लोंबतोय, बल्ब का नाही. मी म्हटलं होतं, बल्ब सारखे उडतात. उडत नाहीत. मीच तो काढला आहे. दिवे जातात ना, तेव्हा गल्लीत पंखे, फ्रीज, टीव्ही सगळं एकदम थांबतं. त्या शांततेत मला जनरेटर सुरू झाल्याचा आवाज येतो. आमचा जनरेटर विकून चार वर्षं झाली. बेंजामिन म्हणतात, दुसऱ्या कुणाचा तरी असेल. असेल.

फलकला एवढं सांग. खांबावर चढल्यावर कुणाच्याही शब्दावर जाऊ नकोस. ऑपरेटरच्या नाही, गावातल्या कुणाच्या नाही, माझ्यासुद्धा नाही. तारांवर अर्थिंगची साखळी टाकल्याशिवाय हात लावू नकोस. सबस्टेशन बंद आहे म्हणजे तार मेली आहे असं समजू नकोस. हे तिच्याकडून दोनदा वदवून घे.

अर्ज माझ्याजवळ आहे. सहीचं बघते.

तुझी
दीना


तिसगाव
४ ऑक्टोबर

दीनाताई,

सलाम. 'सहीचं बघते' म्हणजे काय? रेशनकार्डाचं काम आहे का ते, 'बघते' म्हणायला?

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं तुला कुणी तरी गाठलंय. कानिफनाथ सांगून गेला असेल, बाई, जुनं उकरू नका, मला मुलंबाळं आहेत. मला काय नव्हती? आठ महिने सस्पेंड होता, मग परत खुर्चीवर. चौकशीत काय निघालं, तर 'निश्चित कारण आढळले नाही'. त्याच्याच रजिस्टरमध्ये दोन चाळीसला शेजारच्या फीडरला, म्हणजे दुसऱ्या लाईनला, सप्लाय सोडल्याची नोंद होती. शेजारचं बटण दाबायला गेला नि आपलं दाबलं, हे पोरांनासुद्धा कळलं. उगीच त्याला बटनवाला म्हणत नाहीत.

आणि तू लिहितेस की सबस्टेशन बंद म्हणजे तार मेली असं समजू नको. मग करंट काय आभाळातून येतो? त्याला वाचवायला तू हे लिहितेयस असं क्षणभर मनात आलं. मग स्वतःचाच राग आला. तू तशी नाहीस.

घाबरत असलीस तर तसं लिही. राग धरणार नाही. पण माझ्याकडे एकच मुलगी आहे, दीनाताई. त्या दिवशी तिच्या अब्बांनी डबासुद्धा उघडला नव्हता. टाळेबंदीचे दिवस, मयतीला वीस माणसं. आणि त्या वीसमध्ये तू होतीस, माझा हात धरून. म्हणून तुझ्याकडेच मागतेय.

फलक उद्या दुपारच्या गाडीने निघतेय. साखळीचं सांगितलं. हसली. म्हणाली, अम्मी, हे मला तू शिकवतेस का.

सुमैरा


बेलापूर
५ ऑक्टोबर, दुपार

सुमैरा,

मला कुणी गाठलेलं नाही. कानिफनाथ गेल्या पाच वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. रस्त्यात दिसला तर तोच खाली बघतो.

अर्जावर मी सही करणार नाही. का करणार नाही ते लिहायला सकाळी बसले, आता दोन वाजत आले आहेत.

तेव्हा आमचं अंडी उबवायचं मशीन होतं, तुला आठवत असेल. त्या जूनमध्ये तीनशे अंडी एकोणिसाव्या दिवसावर होती, दोन दिवसांत पिल्लं निघणार होती. सकाळी अकराला वादळाने दिवे गेले. बेंजामिन श्रीरामपूरला डिझेलसाठी गेले नि तिकडेच अडकले. दोनच्या पुढे वारा ओसरला. मशीनमधली ऊब उतरायला लागली. आम्ही जनरेटर ओसरीत ठेवायचो, आणि त्याची वायर होती ती दोन्ही टोकांना पिना असलेली. गावात सगळ्यांची तशीच असते. एक टोक जनरेटरमध्ये खुपसायचं, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. घरभर दिवे लागतात. फक्त त्याआधी मेन स्विच पाडायचा असतो. नाही पाडला तर घरात आलेला करंट मीटरमधून उलटा बाहेर जातो, रस्त्यावरच्या तारेवर.

बेंजामिन रोज सांगायचे, आधी मेन पाड. मला ते 'आधी हात धू' इतकं पाठ होतं.

परवेझभाऊ शिडी घेऊन आमच्याच दारावरून गेले. मी पाहिलं. मला म्हणाले, ताई, तार तुटलीय सुबाभळीने, अर्ध्या तासात देतो जोडून. मी आत गेले. जनरेटरची दोरी ओढली. पिन सॉकेटमध्ये घातली. पुढच्या खोलीतला बल्ब लागला. समोर घड्याळ होतं, तीनला वीस कमी. मला बरं वाटलं, अंडी वाचली म्हणून. मग जनरेटरच्या आवाजातही कुणी तरी ओरडलेलं ऐकू आलं.

मी बाहेर धावले नाही, सुमैरा. आधी मेनकडे गेले. तो वर होता.

मी तो खाली केला. जनरेटर बंद केला. वायर गुंडाळून कणगीमागे टाकली. मग धावले.

तार ज्या तुकड्यात तुटली होती त्या तुकड्यावर, तुमचं जुनं घर बंद झाल्यापासून, फक्त आमचं घर होतं. दुसरं कुठून काही येणं शक्यच नव्हतं. हे बेंजामिनला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी वायरच्या दोन्ही पिना पक्कडीने तोडल्या आणि म्हणाले, आता बोलून कोण परत येणार आहे. मी त्यांच्यावर ढकलत नाहीये. मला ते ऐकायचंच होतं.

चौकशीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे दिवे किती वाजता आले? मी म्हणाले, तीनला वीस कमी. कसे आले, हे त्यांनी विचारलं नाही. मी घरी येऊन बायबल उघडून बसले आणि स्वतःला सांगितलं, मी खोटं बोलले नाही. त्या एका वाक्यावर त्या माणसाचे आठ महिने गेले आणि नाव गेलं.

मला कधी कधी आठवतं की माझा हात मेनच्या दांड्यावर होता, दांडा ओला होता, मी हाताला पदर गुंडाळला होता. असं आठवलं की वाटतं, पाडला असेल, परत कसा वर झाला असेल. पण ते मी नंतर पाडला तेव्हाचं आहे. आधीचं काही आठवत नाही, कारण आधी मी गेलेच नव्हते.

तू प्रत्येक पत्रात माझे उपकार लिहायचीस. मी ती पत्रं घडी घालून ठेवायचे आणि पुन्हा उघडायचे नाही.

हे मी आत्ता लिहितेय कारण गल्लीत आज अकरा घरांतून जनरेटर बाहेर निघालेत. पुसतायत, तेल घालतायत. अकरांपैकी नऊ जणांकडे तसलीच वायर आहे, मी जाऊन पाहिली. आणि परवा फलक वर असेल.

ती संध्याकाळी पोचेल. तुला हे पत्र उद्या मिळेल, पण तिला मी आजच सांगणार आहे. तुला आधी सांगायला हवं होतं. तेवढाही वेळ मी ठेवला नाही.

दीना


तिसगाव
६ ऑक्टोबर

दीना,

सूर्यभान खाली टेम्पोत बसलाय. निघू का, वारं सुटलंय, असं दोनदा ओरडला. त्याला थांबवून ठेवलंय.

काय लिहू. पहिली दोन पानं फाडली.

मी पाच वर्षं त्या माणसाला बद्दुआ दिली. नमाज झाली की रोज. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं कळलं, त्या दिवशी सण नसताना मी शीरखुर्मा केला. शेजाऱ्यांना वाटला. फलकने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, असंच. आता मी काय करू त्याचं? दिलेली बद्दुआ परत कशी घेतात, कुणाला विचारू?

तू माझा हात धरून उभी होतीस. तो हात मला आठवतोय. गार होता. मला वाटलं, माझ्या दुःखाने.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तू ते मागितलंही नाहीस, तेवढं बरं केलंस.

तुझं पत्र सोबत परत पाठवतेय. ते मला ठेवता येत नाही आणि फाडताही येत नाही. ते तू मला लिहिलंस, पण ते माझं नाही. ज्याचं आहे त्याला नेऊन दे. स्वतः दे, कुणाच्या हाती नको. अर्जसुद्धा त्याच्यासमोर फाड.

आणि ती नऊ घरं. माझी मुलगी वर असताना प्रत्येक घराचा मेन खाली आहे की नाही, हे तू दारात उभं राहून बघ. लोक विचारतील, तुला काय पडलंय. तेव्हा सांग त्यांना काय पडलंय ते.

सुमैरा


बेलापूर
८ ऑक्टोबर

सुमैरा,

फलक सुखरूप आहे. हे सगळ्यात आधी लिहायचं होतं.

आता क्रमाने सांगते. पाच तारखेला ती आली, बूट काढले, पाणी प्यायली. मी तिला समोर बसवून सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मेन कुठाय तुमचा?" मी दाखवला. तिने दांडा खालीवर करून पाहिला, बॉक्स उघडून आत बॅटरी मारली. मग म्हणाली, "मावशी, मी सबस्टेशनच्या खोलीत राहते." बॅग उचलली आणि गेली. भाकरी नेली नाही.

काल सकाळी आठपासून वारा. तू तिकडे अनुभवला असशीलच. पावसाच्या सरी आडव्या येत होत्या. शाळेजवळचं गुलमोहराचं झाड गेलं, तीन खांब वाकले, नऊच्या सुमाराला दिवे गेले. पण समुद्रावर वादळाचा जेवढा जोर सांगत होते, तेवढा घेऊन ते इथपर्यंत पोचलं नाही. एक वाजता वारा पडला आणि फलकची टीम बाहेर निघाली. मीही छत्री घेऊन निघाले.

पहिलं घर लंकाबाईंचं. त्यांचा जनरेटर सुरू होता. मी म्हटलं, मेन पाडलाय का, दाखवा. म्हणाल्या, "तू काय आता कंपनीची सायबीन झालीस व्हय?" मी सांगितलं. परवेझभाऊ कसे गेले ते, त्यांच्या पडवीत, त्यांच्या दोन्ही सुनांसमोर. लंकाबाई उठल्या, खटकन मेन पाडला, जनरेटर बंद केला आणि ती वायर काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "आन् त्या कानिफला आमी काय काय बोललो." आणि दार लावून घेतलं.

नऊही घरांत गेले. एका घरी शिव्या खाल्ल्या. पाचव्या घरानंतर मला सांगावं लागलं नाही, माझ्याआधी गोष्ट पोचली होती. मेन खाली होते.

तिथून सबस्टेशनला गेले. तुझ्याकडून परत आलेलं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवलं होतं. कानिफनाथ पॅनलसमोर स्टुलावर बसला होता. मी त्याला इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. केस पार पांढरे झालेत. मांडीवर परमिटचं, म्हणजे तारेवर काम करायच्या परवानगीचं, पुस्तक उघडं, त्यात फलकचं नाव आणि वेळ. आपल्या फीडरच्या हँडलला त्याने लाल फडकं बांधलं होतं, आणि वर स्वतःचं कुलूप.

मी पत्र पुढे केलं. त्याने बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "आता न्हाई बाई. परवेझची पोरगी खांबावर हाय. ती उतरल्याबिगर मी काय बी वाचत न्हाई."

मी बाकावर बसले. अडीच तास. तो जागचा हलला नाही. कुणी तरी चहा आणला, तो तसाच गार झाला. मधे मोबाईल वाजला, कुणी मोठा माणूस असावा, लाईट कधी देता म्हणून आवाज चढवत होता. कानिफनाथ म्हणाला, "पोरगी खाली आल्यावर," आणि फोन ठेवला. सुमैरा, ज्या माणसाच्या हाताखाली फलकला पाठवायची तुला भीती वाटत होती, तो अडीच तास असा बसला होता. मी पाहिलं ते तुला सांगतेय, त्यात भर घालत नाही.

साडेचारला फलकचा फोन आला. उतरले, साखळी काढली, माणसं मोजली, परमिट परत. त्याने तिला तेच तीनदा विचारलं, वेळ लिहिली, कुलूप काढलं आणि सप्लाय दिला. खोलीत ट्यूबलाईट लागली. मग त्याने खिशातून चष्मा काढून पत्र हातात घेतलं.

तो सावकाश वाचतो, ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या पानावरून पुन्हा पहिल्या पानावर गेला. मी उभी होते. अर्ज फाडून तुकडे टेबलावर ठेवले होते. मला वाटलं तो मारेल, किंवा रडेल. तो म्हणाला, "म्हंजी त्या दिशी आपलं बटन मी दाबलंच नव्हतं."

मी म्हटलं, नाही.

"चौकशीत मी हेच म्हनलो. पर बाई, मानूस पाच वर्सं सगळ्या गावाचं ऐकतो ना. मला वाटाया लागलं, आसंल माझंच बोट. मला दिसायचं बी, बोट त्या बटनावर. लई साफ दिसायचं. मागल्या साली मी बायकोला सांगून टाकलं की व्हय, माझ्याच हातनं मेला तो."

मी पाच वर्षं मनात धरून बसले होते की त्याला निदान स्वतःचं खरं माहीत असेल. घरी जाऊन तरी तो निर्दोष असेल. त्याच्यापाशी तेवढंही राहिलं नव्हतं.

उद्या अकरा वाजता मी साहेबांकडे लेखी जबाब द्यायला जातेय. बेंजामिन सोबत येतायत, आपलाही जबाब लिहून देणार आहेत. पुढे काय होईल ते होईल. तुला ते नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

पण सबस्टेशनचं सांगायचं राहिलं. कानिफनाथने मोबाईल घेतला आणि बायकोला लावला. तिने उचलला. तो म्हणाला, "ऐक ना. मी न्हाई." तिला कळेना. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता, काय न्हाई, कुठं न्हाई, बरे आहात ना. तो पुन्हा म्हणाला, मी न्हाई. फोन कानाला तसाच लावून तो भिंतीकडे बघत राहिला.

फलक तेवढ्यात आली होती. चिखलाचे बूट घालून दारात उभी होती, डोक्यावर हेल्मेट तसंच. किती ऐकलं मला माहीत नाही. ती आत आली, माझ्याकडे न बघता पुढे गेली. त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "काकू, मी परवेझ वायरमनची मुलगी बोलतेय. बसून घ्या. मी सांगते."

दीना